चार नंबरची टाकी

पहिली बाटली
१४ नोव्हेंबर

पोरी,

वर्षाला एक बाटली फोडायची, वाईन कशी झाली आहे तेवढं लिहायचं आणि दुसरं काही लिहायचं नाही, असं तू सांगून गेलीस. तसंच करतो आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, चुका असतील त्या पोटात घाल.

आज सकाळी अकराला फोडली. जेवणाआधी, जीभ कोरी असताना. टेबल खिडकीशी ओढलं, वर पांढरा कपडा अंथरला, थुंकायला डबा ठेवला. ग्लास कलता धरून रंग पाहिला. जांभळा, शाईसारखा, कडेला गुलाबी. म्हणजे अजून पोरवय आहे. वास मोकळा, पिकल्या फळांचा, वरून जरा मिरी. तोंडात घेतली तर हिरड्या आवळून आल्या. तू त्याला टॅनिन म्हणतेस, मी तुरट म्हणतो, एकच.

वहीत तू द्राक्षांची मोठी नावं लिहायचीस. मला आपली तळघरातलीच येतात. काळी, मऊ आणि तिखट. दहात सहा काळी, तीन मऊ, एक तिखट, हे माप तुझं. तिघी अजून वेगवेगळ्या ऐकू येतात. एका स्वयंपाकघरात नव्यानं आलेल्या तीन जावाच म्हण. भांडी तिघींची वेगळी आणि आदळायची वेळ एकच.

मऊ ती चार नंबरच्या टाकीतली. तळघराच्या मालकीणबाई ओतून टाका म्हणत होत्या, माणूस मेलेल्या टाकीतली वाईन कोण पिणार म्हणून. वाईन त्या सकाळीच खाली काढली होती, टाकीत नुसता चोथा उरला होता, हे तू त्यांना तीनदा समजावलंस. मग म्हणालीस, "ओतायची नाही. ती त्यानं वाढवली आहे." तुझा नवरा, माझे जावईबापू. हे वाईनचंच आहे म्हणून लिहिलं.

जाताना दारात तू विचारलंस त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं होतं. मेणबत्ती जळत होती. आणि जावईबापू प्यायलेले नव्हते. चौकशीवाल्यांनी काही का लिहिना. तू म्हणालीस, "बाबा, हवा चांगली होती आणि माणूसही शुद्धीत होता, तर मग तो मेला कशानं? दोन्हींतलं एक खोटं आहे. कोणतं ते सांगाल त्या दिवशी मी येईन."

चोथा उपसायला टाकीत उतरण्याआधी पेटती मेणबत्ती दोरीनं खाली सोडायची, चोथ्याला टेकेपर्यंत. शंभर अंक मोजायचे. जळत राहिली तर उतरायचं, विझली तर खाली द्राक्षं आंबताना सुटणारी जड हवा साचली आहे, उतरायचं नाही. तळघरात येणाऱ्या प्रत्येक माणसाला हे मीच शिकवलं आहे. तुलाही. मग मी कशाला खोटं बोलेन?

पण हे लिहायचं नव्हतं. खोडलं तर पान घाण दिसेल.

तुझी छकुली नऊ वर्षांची झाली. बूट लहान झाले असतील. पाहा.

तुझा बाबा


दुसरी बाटली
१६ नोव्हेंबर

पोरी,

तुझं कार्ड मिळालं होतं. "पत्र मिळालं." दोन शब्द का होईना, अक्षर तुझं होतं.

बातमी चांगली नाही. वाईन मुकी झाली आहे. वास नाही, फळ नाही, तोंडात नुसता तुरटपणा. मी घाबरलो. बूच तपासलं, कोरडं नाही. बाटल्या आडव्याच ठेवल्या आहेत, माझ्या पलंगाखाली, पत्र्याच्या पेटीशेजारी. उन्हाळ्यात खोली तापते म्हणून ओली पोती घालतो. तरी काही बिघडलं असेल का? माझ्याकडून काही चुकलं असेल का? तू म्हणायचीस की चांगली वाईन मधे एखाददोन वर्षं तोंड मिटून बसते, तिला छेडू नये. तसंच असू दे.

एक वास मात्र आला. फुंकर मारून विझवलेल्या वातीचा. अगदी बारीक, ग्लासात नाक घातलं की पहिल्यांदा तोच. मी ग्लास गरम पाण्यानं धुतला, उन्हात वाळवला, पुन्हा ओतली. पुन्हा तोच. दुसऱ्या ग्लासात ओतली. तोच.

वाईनमध्ये धुराचा वास येतो, तो पिंपाच्या भाजलेल्या लाकडाचा, तो मला ठाऊक आहे. हा तो नाही. लाकडाचा धूर गोड असतो. हा तेलकट आहे, आणि तो घशाच्या मागे जाऊन बसतो.

तुझ्या पुस्तकात असल्या दोषाचं काही नाव असेल तर कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

तुझा बाबा


चौथी बाटली
११ नोव्हेंबर

पोरी,

वाईन बोलू लागली. मागच्या वर्षी जरा कुजबुजली होती, यंदा मोकळी झाली. जांभळा रंग गेला, आता डाळिंबासारखी लाल आहे. तुरटपणा बसला. फळ आता ताजं नाही, साखरेत मुरवलेलं. आणि तिघी एक झाल्या. कोणती काळी नि कोणती तिखट, मला सांगता येईना. मला! मी पाच मिनिटं घोट तोंडात फिरवत बसलो. मला मऊ शोधायची होती. चार नंबरची. ती कुठे दिसत नाही, पण घोट गिळल्यावर जे गोलपण मागे राहतं ते तिचंच असणार. दुसऱ्या कुणाचं नाही. ती नसती तर नुसती हाडं उरली असती, हे तू तेव्हाच म्हणाली होतीस.

वातीचा वास आहे. वाढला आहे.

आणखी एक लिहितो, रागावू नकोस. मालकीणबाईंनी चाखायचं काम काढून मला लेबलं चिकटवायला बसवलं होतं, आता घरीच बसवलं आहे. मंगळवारी न्हाव्याकडे गेलो. नवीन माणूस आहे, बोलका. तोंडाला फेस लावून म्हणतो, "आजोबा, तुमचेच जावई ना ते, पिऊन टाकीत पडले होते?" बोलणार कसा, तोंडाला फेस होता, गळ्याशी वस्तरा होता. तो पुढे म्हणाला, "मेणबत्ती तर जळत होती म्हणे. मग दुसरं काय असणार? दारूच्या तळघरात काम करणारा माणूस." समोर आरसा होता. मी डोळे मिटून घेतले.

फेस पुसल्यावर बोलता आलं असतं, असं तू म्हणशील.

मी चौकशीत ते प्यायले होते असं म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. मी मेणबत्तीचं तेवढं सांगितलं. बाकीचं त्यांनी त्यांचं लावलं. कपड्यांना वाईनचा वास होता म्हणाले. चोथ्यात पडलेल्या माणसाच्या कपड्यांना दुसरा कसला वास येणार?

मी तुला हे का सांगतो आहे कळत नाही. वाईन चांगली आहे. अजून पाच-सात वर्षं चढत जाईल.

तुझा बाबा


सातवी बाटली
२० नोव्हेंबर

पोरी,

यंदा एकट्यानं चाखली नाही. नाकावर विश्वास राहिला नाही म्हणून पिंपवाल्याला बोलावलं. तू त्याला काका म्हणायचीस, तोच. आता एका कानानं बहिरा आहे आणि दुसऱ्यानं हवं तेवढंच ऐकतो.

दारातूनच ओरडला, "काय रे नाकोबा, जिवंत आहेस की तुझी पण बाटली भरली?"

मी म्हटलं, "बस. थुंकायचा डबा तिकडे आहे."

"मी इतका चालत आलो तो थुंकायला?"

ग्लास घेतला, फिरवला, डोळे मिटून वास घेतला. मग एक घोट, आणि सरळ पोटात. म्हणाला, "ओलं पान. जुनं चामडं. आणि ते काय म्हणतात, जंगलात झाडाखाली उगवतं, अळंबी. बाबा रे, ही तुझ्या पोरीनं केली?"

"तिनंच."

"तुझ्यापेक्षा बरी निघाली."

"ते सगळं तळघर म्हणतं. आणखी कसला वास येतो ते सांग."

"कसला यायला हवाय?"

"वातीचा. विझलेल्या."

त्यानं पुन्हा नाक घातलं. बराच वेळ. ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिला. "यात वात नाही," म्हणाला. "मी पिंपं भाजत म्हातारा झालो. धुराचा प्रत्येक प्रकार मला कळतो. यात वात नाही."

मग तो काहीतरी जुनं बोलत बसला. ते वाईनचं नव्हतं, म्हणून लिहीत नाही. जाताना त्यानं ग्लास पूर्ण केला नाही. हे त्यानं जन्मात केलेलं नाही.

रंगाच्या कडेला आता विटेसारखा पट्टा आला आहे. चव लांबते, मी मोजली, गिळल्यावर वीसपर्यंत टिकते. हे तिचं सगळ्यात चांगलं वर्ष असेल, असं मला वाटतं. तू इथे असायला हवी होतीस. तू केलीस आणि तूच चाखली नाहीस.

वास पूर्वीसारखा फक्त ग्लासात नाही. परवा उशीला आला.

तुझा बाबा


दहावी बाटली
१५ नोव्हेंबर

पोरी,

वाईन उतरणीला लागली आहे. वाईट नाही, आब राखून उतरते आहे. रंग फिका, मधोमध लाल आणि कडेला तपकिरी. फळ जवळपास गेलं. उरलं आहे ते सुकं पान, तंबाखू, थोडं चामडं. असं मी लिहितो आहे, पण खरं सांगायचं तर मागच्या वर्षाच्या आठवणीवर निम्मं लिहितो आहे. माझं नाक मंद झालं. सकाळी चहा उतू गेला आणि जळला, मला शेजारणीनं येऊन सांगितलं.

दोन बाटल्या उरल्या.

छकुलीचं पत्र आलं. छकुली कसली, अठरा वर्षांची घोडी झाली. तू तिला पत्ता दिलास की तिनं तुझ्या कपाटातून काढला? अक्षर तिच्या बापासारखं आहे, उजवीकडे पळणारं. तिनं लिहिलं आहे: "आजोबा, आमच्या घरी वाईनचं काम चालतं आणि मी आजवर एक थेंब चाखलेला नाही. कुणी ग्लास पुढे केला की मला वाटतं, त्यांना माहीत असेल मी कुणाची मुलगी. बाबा खरंच प्यायले होते का? आईला विचारलं की ती म्हणते, आजोबांना विचार."

तू तिला माझ्याकडे पाठवलंस. हे बरं नाही केलंस. मुलगी आहे, तिला काहीतरी सांगून समजूत घालता आली असती.

मी तीन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात लिहिलं होतं, तुझे बाबा फार चांगले होते. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात नुसतं तिचं नाव लिहून झालं, आणि खोलीत वातीचा वास इतका दाटला की मी खिडकी उघडून उभा राहिलो. बाहेर काही जळत नव्हतं. रस्ता धुतलेला होता.

तिला सांग, आजोबांचा हात थरथरतो, लिहिता येत नाही. नको, असं सांगू नकोस. काही सांगू नकोस.

तुझा बाबा


अकरावी बाटली
३ नोव्हेंबर

पोरी,

वाईनचं शेवटी लिहितो.

मेणबत्ती जळत नव्हती. ती मी लावलीच नव्हती.

हे एक वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. आता बाकीचं लिहितो, मधे थांबलो तर राहून जाईल.

मला चार दिवस सर्दी होती. नाक पूर्ण बंद. त्या सकाळी तूच विचारलंस, "बाबा, आवाज बसलाय का?" मी म्हटलं, धूळ गेली. आठवत असेल तुला. सर्दी लपवली, कारण आदल्या आठवड्यात मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या की आता चाखायचं काम लेकीकडे देऊ, नाकोबाला आराम देऊ. सगळे हसले. तूही हसलीस, तुझ्या मनात काही नव्हतं हे मला माहीत आहे. पण माझ्याजवळ दुसरं काय होतं? ना शिक्षण ना काही. नाक होतं. त्या सकाळी टेबलावर सहा नमुने होते. मला एकाचाही वास आला नाही. दुसरे काय म्हणतात ते ऐकायचं आणि तेच वेगळ्या शब्दांत म्हणायचं, असं केलं. मालकीणबाई म्हणाल्या, "बघा, म्हातारा अजून पक्का आहे." मी इतका खूश झालो होतो पोरी. त्या खुशीतच वर टाकीकडे गेलो.

जावईबापू फावडं घेऊन चार नंबरच्या तोंडाशी उभे होते. म्हणाले, "मामा, मेणबत्ती आणू का?"

मी म्हटलं, "मेणबत्ती कशाला? माझं नाक काय भाड्यानं दिलंय?"

जड हवा नाकाला झोंबते, सोड्याच्या बाटलीसारखी. मला ती दहा हात वरून कळायची. म्हणून मी इतरांना मेणबत्ती शिकवायचो आणि स्वतः नाकावर भागवायचो. हे त्यांनी पाहिलेलं होतं. मी वाकलो, तोंडात डोकं घातलं, ओढून वास घेतला. काही झोंबलं नाही. काही झोंबणारच नव्हतं, दगडात आणि माझ्या नाकात त्या दिवशी फरक नव्हता. मला ते माहीत होतं. माहीत असून मी म्हटलं, "साफ आहे. उतरा."

ते हसून म्हणाले, "नाकोबाचा हुकूम!" आणि शिडीवरून गेले. प्यायलेले नव्हते. सकाळचा चहासुद्धा अर्धा टाकून आले होते, तूच ओरडली होतीस त्यांना. फावड्याचा आवाज दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही.

मी ओरडलो, दोरी आणायला धावलो, माणसं जमली. तुला बोलवायला कुणी गेलं. त्या गडबडीत मी हत्यारांच्या खोलीत शिरलो. मेणबत्ती खुंटीला होती, नवी कोरी, वात पांढरी. मी ती लावली. बोटभर जळू दिली. मग फुंकर मारून विझवली आणि पुन्हा खुंटीला लावली. ते अजून बाहेर काढलेलेही नव्हते.

मागे वळलो तर दारात पिंपवाला. नाक वर करून हवा हुंगत होता. "कुणी वात विझवली रे? वास येतोय." मी म्हटलं, "मला नाही येत." आणि खरंच येत नव्हता. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुला? तुला वास येत नाही?" सातव्या बाटलीच्या दिवशी त्यानं तेच बोलून दाखवलं होतं, जे मी तुला लिहिलं नाही. सर्दी आणि मेणबत्ती, दोन्ही त्याला त्या दाराशीच कळलं होतं. तेरा वर्षं तो कुणाला बोलला नाही.

पिंपवाला सप्टेंबरात गेला. दवाखान्यात मी त्याच्याजवळ बसलो होतो. म्हणाला, "नाकोबा, मी तोंड उघडलं नाही ते तुझ्यासाठी नाही. ते तू उघडावंस म्हणून. आता मी चाललो. म्हणजे आता हे फक्त तुझ्या एकट्याच्या पोटात राहणार. विचार कर, केवढं सुटशील." आणि हसला दुष्ट. त्याला माहीत होतं मी सुटणार नाही म्हणून.

तर तुझ्या दोन्हींतलं खोटं ते हे. मेणबत्ती. छकुलीला हेच पत्र दे. तिला वेगळं लिहिण्याची माझ्यात ताकद नाही.

ती मेणबत्ती चौकशी संपल्यावर मी खुंटीवरून काढली. माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे, बाटल्यांच्या शेजारी, कापडात गुंडाळलेली.

आता वाईनचं. अकराला फोडली. रंग जुन्या विटेचा. तळाशी पुष्कळ गाळ, मी नीट ओतली नाही, ढवळली गेली. वास मला काहीच आला नाही. माझं नाक गेलं, डॉक्टर म्हणाले वयानं जातं. साबणाचा येत नाही, गॅसचा येत नाही. फक्त तो एक येतो. तेव्हा आला नव्हता, तो आता दिवसभर येतो.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

तुझा बाबा


बारावी बाटली
१८ नोव्हेंबर

पोरी,

हे पत्र टपालात टाकत नाही. टाकलं तरी तू निघाल्यावर पोचेल. बाटलीला टेकवून ठेवतो, आल्यावर आधी हे वाच.

मागचं पत्र गेल्यावर अकरा महिने तुझं काही आलं नाही. नेहमीचं दोन शब्दांचं कार्डही नाही. मी समजून चुकलो. आपल्याकडून करायचं ते करावं म्हणून चौकशीच्या कचेरीत गेलो. कारकून तरुण होता, म्हणाला, "आजोबा, चौदा वर्षांनी जबाब बदलताय? त्या वेळचे साहेबसुद्धा गेले." मी म्हटलं, मी नाही गेलो. बाकावर चार दिवस बसवलं मला. पाचव्या दिवशी लिहून घेतलं. "मेणबत्ती लावलेली नव्हती, मयत शुद्धीत होते", असं त्यात आहे, खाली माझी सही आहे. त्याची नक्कल बाटलीखाली ठेवली आहे. पुढे काय करायचं ते कळवू म्हणाले आहेत. जे होईल ते होईल, मला आता भीती फक्त जिन्याची वाटते.

न्हाव्यालाही सांगितलं. फेस लावायच्या आधी सांगितलं. वस्तरा हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "आजोबा, दाढी करू का?" मी म्हटलं, कर. गुपचूप केली. त्याच्या दुकानात असं पहिल्यांदाच झालं असेल.

आणि मग गेल्या आठवड्यात तुझं कार्ड.

"पत्र छकुलीनं वाचलं. वीस तारखेला दोघी येतो. बाटली उभी करून ठेवा."

वर 'बाबा' लिहिलेलं नाही. मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. खाली नावही नाही. पहिली दोन वाक्यं उभ्यानं वाचली. तिसरं वाचलं आणि खुर्चीत बसलो. बारा वर्षं आडवी पडलेली बाटली फोडण्याआधी काही दिवस उभी ठेवायची, म्हणजे गाळ तळाला बसतो. हे तळघरातल्याच माणसाला सुचतं. म्हणजे तू चाखणार आहेस.

त्याच दिवशी उभी केली. टेबलावर, भिंतीशी, खिडकीपासून लांब. तेव्हापासून घरात अनवाणी चालतो. शेजारणीला सांगितलं, दार आपटू नका. ती म्हणाली, बाळ झोपलंय का? मी म्हटलं, तसंच समजा. रस्त्यावरून जड गाडी गेली की मी जाऊन बाटलीला हात लावतो, आणि मग वाटतं, हातानंच हलली असेल. गाळ आता तळाला दोन बोटं दिसतो आहे. वर स्वच्छ आहे.

ही कशी झाली आहे ते मला सांगता येणार नाही, ते तू सांग. संपली असेल तर संपली म्हण, माझ्यासाठी गोड बोलू नकोस. छकुलीला आग्रह करू नकोस. तिनं ग्लास उचलला तर उचलला. उचलला तर तिला एवढं सांग की गिळल्यावर जे गोल लागतं, ती चार नंबरची.

ओतताना गाळ कुठवर आला ते दिसायला बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती धरावी लागते. तूच मला हे दाखवलं होतंस. दुकानातून नवी आणली नाही. पेटीतली काढून टेबलावर ठेवली आहे, शेजारी काडेपेटी. वरची बोटभर मी जाळलेली आहे. उरलेली तू लाव. छकुलीनं धरली तर तिला धरू दे.

मी शेजारणीकडे बसलो आहे. बोलावलंत तर येईन.

फक्त एक कर. ओतून झालं तरी मेणबत्तीला फुंकर मारू नका. संपेपर्यंत जळू द्या. तो वास मला पुन्हा नको आहे.

तुझा बाबा